आधी खाऊन दाखवा

विलास गेला त्या सकाळी तो कंपनीच्या बसमध्ये नेहमीच्या खिडकीशी बसलेला होता. रांजणगावची रात्रपाळी सुटली की ती बस नगर रोडनं शिरूरला येते, आणि रात्रभर मशिनींपुढं उभी राहिलेली माणसं बसल्या जागी माना टाकतात. त्यानंही टाकली. शेजारी त्याचे जुने सोबती सलीमभाई होते. त्यांना वाटलं, झोप लागलीय, कशाला उठवा. शिरूर आलं, बाकीचे उतरले, तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "ओ विलासराव, उठा, आलं शिरूर..." तो उठला नाही. दवाखान्यात नेलं, पण तिथं नेण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं सलीमभाई नंतर मला म्हणाले. बोलताना ते स्वतःच्या हाताकडे बघत होते, जणू तो हात त्यांनी रांजणगावातच लावायला हवा होता.

मला फोन आला तेव्हा मी वरवंडला आमच्या गच्चीवर ज्वारीला ऊन दाखवत होते. सुनीताचा फोन होता, विलासच्या बायकोचा. "वन्सं, ह्यांना दवाखान्यात नेलंय," एवढंच बोलली आणि गप्प झाली. त्या गप्प होण्यावरूनच मला कळलं. चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला जाताना पुढं उसाच्या ट्रॉल्या होत्या, आणि मी गाडी चालवणाऱ्या पुतण्यावर उगीचच खेकसत राहिले. मी विलासची थोरली बहीण. राहू गावच्या माहेरच्या घरात त्याला कडेवर घेऊन मी वाढवला, त्याचं नाक पुसलं, त्याला मारलंसुद्धा. धाकट्यानं थोरल्याच्या आधी जायचं नसतं, हे त्याला वेगळं सांगावं लागेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला त्याचा राग आला होता, आणि इतके आठवडे झाले तरी तो पुरता गेलेला नाही.

त्याला उचलून नेल्यावर आमच्याकडच्या रीतीप्रमाणं बायकांनी घर धुवायला काढलं. मयत झालेल्या घरात भरून ठेवलेलं पाणी ठेवत नाहीत. हंडा, कळशी, माठ, बादल्या... सगळं ओतून देतात आणि नवं पाणी भरतात. राहूहून आमच्या मालनकाकू आल्या होत्या. भावकीत कुणाचंही काही झालं की पदर खोचून पुढं होणाऱ्या, वयाकडं न बघणाऱ्या. त्यांनी स्वयंपाकघर रिकामं केलं, न्हाणीघर केलं, आणि मागच्या पडवीत एक मोठं निळं पिंप काठोकाठ भरलेलं दिसलं तेही दोघी-तिघींना हाताशी घेऊन आडवं केलं. पाणी अंगणभर पसरलं. पायाला लागलेलं पाणी चिकट वाटलं तेव्हा एकीनं बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. ते विलासनं तयार करून ठेवलेलं समुद्राचं पाणी होतं. मग काकू पुढच्या खोलीत आल्या आणि भिंतीशी असलेल्या काचेच्या टाकीपुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्यातलं बी काढाया पायजे की," त्या म्हणाल्या.

"न्हाई." मला फोन केल्यानंतरचा हा सुनीताचा पहिला शब्द होता. सकाळपासून ती रडलीही नव्हती. "ह्यातलं काढायचं न्हाई काकू. ह्यात त्यांचं मासं हायेत."

या टाकीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय माझा भाऊ सांगून पुरा होणार नाही. आमच्या दौंड-शिरूरकडं समुद्राचा काही संबंध नाही. आमच्याकडं भीमा आहे, घोड आहे, कालवे आहेत. खारं पाणी लागतं ते बोअरला, आणि लागलं की माणूस कपाळाला हात लावून बसतो. अशा ठिकाणी या पठ्ठ्यानं खाऱ्या पाण्यातले मासे घरात पाळायचं मनात घेतलं. कंपनीनं त्याला एकदा मशीन बसवायला समुद्रकाठच्या कारखान्यात धाडलं होतं. तिथं सुट्टीच्या दिवशी ओहोटीला खडकांमधल्या डबक्यात त्यानं लहान लहान रंगीत मासे पाहिले, आणि दुपारचं जेवण विसरून उकिडवा बसून राहिला. समुद्र पाहून लोक शंखशिंपले आणतात. हा समुद्रच आणायचा बेत करून घरी आला. मी म्हणाले, "अरे, तुला डोंगर आवडला असता तर काय केलं असतंस?" तो नुसता हसला. मेंटेनन्सचा माणूस तो. पंप, पाइप, फिल्टर यांत त्याचं आयुष्य गेलेलं, त्यामुळं टाकी उभी करायला त्याला अडचण पडली नाही. अडचण पुढं होती.

टाकीत पाणी भरलं, मीठ विरघळवलं, खडक रचले, दिवा लावला, आणि मासा एकही नाही! आठवडे गेले तरी नाही. शेजारीपाजारी बघायला यायचे, रिकाम्या पाण्याकडं टक लावून बसायचे आणि चहा पिऊन जायचे. विलासराव मीठपाणी पाळतायत, अशी गल्लीत थट्टा झाली. तो म्हणायचा, "आक्का, पाणी अजून कच्चं हाय. त्याला पिकू दे. घाईनं मासा टाकला तर त्यो आपल्याच घाणीत मरतो." घरी शांत असलेला हा माणूस दर पाळीला कारखान्यातून फोन करायचा, आणि पहिला प्रश्न असायचा, "लाइट हाय का?" सुनीता वैतागून म्हणायची, "लाइट हाय, आन् मी बी हाय."

पहिला मासा मात्र त्यानं चुकीचा आणला. निळाशार, अंगठ्याएवढा, दुकानदार म्हणाला की काटक आहे, कशातही जगतो. जगला खरा! नंतर विलासनं केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांची जोडी आणली, तर या निळ्यानं त्यांना एका कोपऱ्यात कोंडलं आणि शेपट्या कुरतडल्या. सगळी टाकी आपल्या बापाची असल्यासारखा तो फिरत होता. त्याला पकडायला सगळे खडक बाहेर काढावे लागले. मी त्या दिवशी तिथं होते. परातीत, तपेल्यात, पोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर खडक ठेवलेले, फरशीवर पाणीच पाणी, आणि माझा भाऊ कोपरापर्यंत हात घालून त्या इवल्याशा गुंडाच्या मागं लागलेला. "दिसायला गरीब वाटला गं," तो मला म्हणाला. मी पोट धरून हसले होते. तो निळा परत दुकानात गेला, आणि त्यानंतर विलास मासा निवडायला जो शहाणा झाला, त्याला तोड नव्हती.

पुण्याच्या त्या दुकानात मी त्याच्याबरोबर किती वेळा गेले असेन. मी आपली कापड खरेदीला निघालेली असायचे आणि हा मला आधी तिकडं न्यायचा. हात पाठीमागं बांधून, वाकून, तो एकेका काचेपुढं उभा राहायचा. मला आवडायचे ते मासे त्याला कधीच चालायचे नाहीत. एकदा हिरव्या-निळ्या नक्षीचा एक मासा होता, पैठणीच्या काठासारखा. मी म्हणाले, हाच घे. तर म्हणाला, "लई देखणा हाय, पण त्याला खडकावरचं जिवंत बारीक किडंच लागत्यात. आपल्या टाकीत तेवढं न्हाईत. डोळ्यादेखत उपाशी मरंल, आक्का." दुसरा एक पिवळाधमक दाखवला तर म्हणाला, "आज बोटाएवढा हाय. मोठा झाल्यावर पळायचं कुठं त्यानं?" कोण किती वाढणार, कोण कुणाच्या अंगावर जाणार, कोण आधी न्यायचा आणि कोण शेवटी, हे सगळं तो मनात जुळवत बसायचा. आणि सगळं जुळलं तरी शेवटची अट असायचीच. दुकानदाराला तो म्हणायचा, "आधी खाऊन दाखवा." म्हणजे माशानं. दुकानदार कुरकुरत चिमूटभर खाणं टाकायचा. मासा झेपावला तर पिशवीत. नाहीतर आम्ही रिकाम्या हातानं परत.

"मासा बोलत न्हाई," तो मला समजावायचा. "त्याचं दुखतंखुपतं कळणार कसं? खाणं थांबलं की समजायचं, आतून बिघाड हाय. मग रंग किती का चकचकीत असंना."

माझ्या मुलीचं स्थळ बघायला मामा म्हणून तोच गेला होता. बाकीची माणसं जमीन किती, पगार किती, फ्लॅट कुठं, हे विचारत होती. हा कोपऱ्यात बसून मुलाचं पोहे खाणं बघत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा वाटला? तर म्हणाला, "पोरानं बशी हातात घेतली आन् आधी आईला इचारलं, तू खाल्लं का. द्या पोरगी." दिली. आज ती सुखात आहे, आणि मामाच्या निवडीचं नाव घेते.

त्याच्या टाकीत क्लाउनची जोडी होतीच, पण त्याचा जीव होता तो एका पिवळ्या माशावर आणि एका झिंग्यावर. गोबी म्हणतात त्या माशाला. झिंगा दिवसभर वाळूत बीळ खणतो, पण त्याला डोळ्यानं धड दिसत नाही. म्हणून हा मासा बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. झिंगा बाहेर आला की त्याची एक मिशी माशाच्या अंगाला लागलेली असते. काही धोका दिसला की मासा शेपूट हलवतो आणि दोघं आत. अशी जोडी जमते का, यासाठी विलासनं कितीतरी गोबी नाकारले होते. जमली त्या दिवशी त्यानं मला वरवंडला फोन केला आणि एखाद्या घरी लग्न ठरल्याच्या सुरात सांगितलं. पाळीवरून आला की तो चहाचा कप घेऊन त्या बिळासमोर खाली फरशीवर बसायचा. सुनीता म्हणायची, "हितं बी पहाराच बघायचा. कंपनीच्या गेटवर बघता त्यो कमी पडतो का?"

तर त्या टाकीला हात लावायचा नाही, असं सुनीता म्हणाली. पण तिच्यात पाणी कमी होत चाललं होतं. रोज थोडं आटतं, विलास रोज थोडं शुद्ध पाणी वरून घालायचा. घरात मयत झालेली असताना ते कुणाच्या लक्षात राहणार? तिसऱ्या दिवशी पुरुष माणसं घोड नदीवर सावडायला गेली होती. सुनीता आत बायकांच्या घोळक्यात होती, मी तिच्या पाठीवर हात ठेवून. मालनकाकू एकट्या पुढच्या खोलीत होत्या. आदल्या दिवशी त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तुम्ही ओतून दिलं ते पिंपातलं पाणी माशांचं होतं. त्या बाईला ते लागलं. त्यांनी टाकी ओसरलेली पाहिली आणि मायेनं, अगदी मायेनं, नळाखालून बादली भरून आणली. स्वयंपाकघरातून खडे मिठाची बरणी आणली. पाणी ओतलं, आणि मिठाचे खडे ओंजळीनं वरून सोडले. ते न विरघळता सरळ खाली गेले आणि बिळाच्या तोंडाशी ढीग होऊन बसले. पहारेकरी तिथंच होता. तो हलला नाही... हलायचं त्याच्या स्वभावात नव्हतं.

संध्याकाळी तो वाळूवर आडवा पडलेला सुनीताला दिसला. माझं डोकं सणकलं. काकूंना मी नको नको ते बोलले असते, पण त्याच मला येऊन बिलगल्या. "म्या म्हटलं, खारं पाणी हाय तर मीठ टाकलं का भागंल... माजा हातच जळू दे," त्या म्हणत राहिल्या. अशा बाईला काय बोलणार? सुनीतानं आधी सलीमभाईंना फोन लावला, आणि दोघांनी मिळून बाटलीबंद पाण्यात पिशवीतलं समुद्री मीठ घालून, खारटपणा मोजायचा काटा लावून, रात्र पडायच्या आत टाकीचं पाणी बदललं. विलासला तिनं हे करताना इतक्या वेळा पाहिलं होतं की हात आपोआप चालत होते. क्लाउनची जोडी तगली. झिंगा बिळात होता, त्याचं काही कळेना. पिवळ्याला तिनं कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं.

आणि त्या कुंडीशी, हाताला माती लागलेली असताना, ती पहिल्यांदा रडली. माशासाठी रडतेय असं बाकीच्यांना वाटलं असेल. ती मला म्हणाली, "वन्सं, डबा परत येत व्हता."

मला आधी समजलंच नाही. मग तिनं सांगितलं. शेवटच्या काही आठवड्यांत विलासचा जेवणाचा डबा अर्धा परत यायचा, कधी अख्खा. विचारलं की म्हणायचा, कँटीनला खाल्लं. सकाळी ती गरम भाकरी पुढं ठेवायची तर म्हणायचा, "नंतर खातो, आधी जरा पडतो." छातीत जळजळतं म्हणून पित्ताची गुलाबी बाटली आणून ठेवली होती, ती दोन घोट पिऊन पाळीला जायचा. सलीमभाईंकडून नंतर कळलं, कँटीनमध्ये तो काही खात नव्हता. जमेल त्या दिवशी डब्यातली अर्धी भाकरी गेटवरच्या कुत्र्याला घालायचा, म्हणजे घरी काळजी नको. "माशानं खाणं सोडलं की ह्ये मला पाळीवरून फोन करून इचारायचं, आज खाल्लं का, आज खाल्लं का," सुनीता म्हणाली. "आन् माझ्या डोळ्यांपुढं डबा येतोय, मी त्यो घासून पालथा घालतीय. मला कसं न्हाई कळलं, वन्सं?"

मी तिला काय सांगू? माणसाला माशासारखं काचेतून बघत बसत नाही आपण. तो हसतो, बोलतो, बोलून आपल्याला फसवतो. मासा निदान खोटं बोलत नाही. हे सगळं मी तिला म्हणालेही, पण शब्द पोहोचले नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्याही आत ते उतरले नाहीत. ज्या माणसानं दुकानातल्या परक्या माशाला उपाशी ओळखलं, त्यानं स्वतःचं उपाशीपण आमच्यापासून लपवलं. याचं मी काय करू, मला कळत नाही. रात्री जाग आली की मी त्याच्याशी भांडते.

तेराव्यापर्यंत सुनीताच्या पोटात धड अन्न गेलं नाही. मुलगी प्राची नाशिकहून आली होती, तिनं आईपुढं ताटं धरली. मीही रागावले, शपथा घातल्या. ती दोन घास खायची आणि टाकीपाशी जाऊन बसायची. भावकीतल्या शहाण्यांचं म्हणणं पडलं की टाकी देऊन टाका, बाईमाणसाला कशाला हा व्याप, तिचं मन त्यात अडकतंय. मलाही क्षणभर पटलं. पण मग एके दिवशी ती मला म्हणाली, "झिंगा हाय. मी मिशी बघितली." बिळाच्या तोंडातून एक मिशी बाहेर यायची, इकडंतिकडं चाचपायची, कुणी लागत नाही असं पाहून परत आत जायची. मी ते एकदा पाहिलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. मला ते बघवलं नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी पुण्याला गेलो. तिनंच काढलं, "त्याला जोडीदार आणू या." एवढ्या दिवसांत ती प्रथमच घराबाहेर पडत होती. मांडीवर विलासचा थर्माकोलचा डबा घेऊन एसटीत बसली. दुकानदारानं आम्हाला ओळखलं, विलासबद्दल विचारलं, कळल्यावर हळहळला. मग उत्साहानं एक गोबी दाखवला. पिवळा, तजेलदार, आमच्या पहिल्यापेक्षाही देखणा. "भाभी, एकदम वही है. झिंगे के साथ सेट हो जाएगा," तो म्हणाला. मी मनात म्हणाले, झालं काम.

सुनीता वाकली. हात पाठीमागं बांधलेले. ती त्याची उभी राहायची पद्धत होती आणि तिनं ती आयुष्यात कधी उचलली नव्हती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आधी खाऊन दाखवा."

दुकानदारानं खाणं टाकलं. कण पाण्यात फिरले, माशाच्या तोंडासमोरून गेले, वाळूवर बसले. मासा हलला नाही. त्यानं पुन्हा टाकलं. तसंच. "नया माल है भाभी, घबराया हुआ है. घर जाके बाद में खाएगा," तो म्हणाला.

"नंतर खातो म्हणणाऱ्याला मी न्हाई नेत आता, दादा," सुनीता म्हणाली. आवाज चढला नव्हता, डोळे कोरडे होते. त्या दुकानदाराला काय कळलं असेल कोण जाणे, पण त्यानं खाण्याची डबी मिटून बाजूला ठेवली. मी पलीकडच्या काचेकडं तोंड करून उभी राहिले आणि पदर तोंडात धरला.

रिकामा डबा घेऊन आम्ही शिरूरला परतलो. पुढच्या वेळी नवा मासा येईल तेव्हा फोन करतो, असं दुकानदार म्हणालाय. मागच्या पडवीत निळं पिंप पुन्हा भरलेलं आहे, त्यावर आता तिनं फळी टाकून वर दगड ठेवलाय. घरात आल्यावर तिनं आधी बिळाच्या तोंडाशी चिमूटभर खाणं सोडलं, मिशी बाहेर येईपर्यंत थांबली, मग स्वयंपाकघरात गेली. भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, दोन ताटं वाढली. आणि मी घास उचलायच्या आत माझ्या समोर मांडी घालून बसली.

"तुमी आधी खावा, वन्सं," ती म्हणाली. "मी बघती."

भूक नव्हती मला. तरी तिच्या देखत सगळं ताट संपवलं, आणि मग तिचं ताट तिच्या पुढ्यात सारून मीही बघत बसले.